चप्पल खाली ठेवा

माझ्या नाकाला चप्पल लावली होती. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. मी फरशीवर पडले होते. दम घुटायला लागलेला, छातीत नुसती धडधड, हातापायांना मुंग्या. आणि संस्कृत शिकवणाऱ्या मॅडम शिपाईमामांना सांगायल्या, "हुंगवा हो तिला चप्पल. फिट आलीय."

माझी शुद्ध गेली नव्हती. चप्पल मामांच्या पायातली होती, तेही कळत होतं. फक्त तोंडातून शब्द निघत नव्हता.

परभणीहून एसटीनं येऊन-जाऊन मी मानवतच्या शाळेत गणित शिकवते. आमच्याकडं शनिवारी सकाळची शाळा सुटली की सगळ्यांनी मिळून नाष्टा करायची रीत हाय. आळीपाळीनं एकेकाच्या घरून डबा येतो. नोकरीला लागले तेव्हा मीही माझी पाळी विचारली. मॅडम गोड हसून म्हणल्या, "तुम्ही कशाला तसदी घेता? तुम्ही पेपर प्लेटा आणत जा." मला वाटलं, नवी हाय म्हणून असंल. मग माझ्या मागून आलेल्या बाईंची पाळी लागली. त्यांच्या मागून आलेल्या सरांचीही लागली. मी आपल्या प्लेटाच आणायले. बौद्धाच्या घरचं खायचं न्हाई, हे कुणी तोंडानं बोललं न्हाई. कुणी बोललं असतं तर मी भांडले तरी असते.

त्या शनिवारी कुणाला न विचारता मी सुशीला करून नेली. मुरमुरे भिजवून, दाण्याचा कूट घालून, वरून लिंबू. लय हौसेनं केली होती. झाकण उघडलं तशा मॅडम म्हणल्या, "अगं बाई, आज माझा शनिवार." मग इंग्रजीच्या सरांचा उपास निघाला. मग सगळ्यांचाच निघाला. मागच्या शनिवारी हीच माणसं भजे खात होती. मुख्याध्यापक डब्याकडं न बघता म्हणले, "मामा, हे बाहेर कुत्र्यांना टाका. मुंग्या होतील."

मी हसले. हसता हसता छाती आवळली, अन् खाली बसले ती पडलेच.

नंतर शाळेत बोलणं उठलं, गणिताच्या बाईंच्या अंगात येतं. वर्गातल्या पोरी माझ्याकडं भिऊन बघायला लागल्या. मला वाटायचं, हार्टचंच काहीतरी हाय. शनिवारी परभणीच्या स्टँडवर मानवतची एसटी लागली की चढायला धीर व्हायचा न्हाई. आपण मरणार, लेक उघड्यावर पडणार, एवढंच डोक्यात. नवरा म्हणला, "सोड ती नोकरी. जीव थोडाच द्यायचाय त्यांच्यासाठी."

परभणीतल्या डॉक्टरबाईंनी छातीचा ईसीजी काढला. म्हणल्या, "हृदय ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक. जीव जातोय असं वाटतं, पण जात नाही. आला की श्वास हळूहळू सोडत राहा, ओसरतो." मग विचारलं, "मनाला काय लागलंय?"

मी पेपर प्लेटांचं सांगायला गेले अन् हुंदकाच फुटला. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण रडतं, म्हणून लाजही वाटली. त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, "तुम्ही गिळलंत. अंगानं नाही गिळलं."

पुढच्या शनिवारी मी प्लेटा न घेताच गेले. मॅडमनी विचारलं, "प्लेटा?"

"आणल्या न्हाईत. आता आणणार बी न्हाई."

एवढं बोलले अन् छाती उडायला लागली. घाम फुटला. मी टेबल घट्ट धरलं. मॅडम म्हणल्या, "मामा, चप्पल आणा." मामा वाकले.

"चप्पल खाली ठेवा, मामा," मी म्हणलं. श्वास सोडत राहिले. सगळे बघत होते, बघू दिलं. जरा ओसरलं तशी म्हणलं, "मला फिट येत न्हाई. माझ्या अंगातबी येत न्हाई. मला हे तुमच्यामुळं होतंय."

मी पिशवीतून माझा डबा काढला, टेबलाच्या मधोमध ठेवला अन् रिकामा होईपर्यंत जेवले.

मी बरी झाले असं न्हाई. गोळ्या चालू हायत. कधी वर्गात, कधी एसटीत रडू येतं. पण डबा आता रोज त्याच टेबलावर उघडते. ज्याला उठायचंय त्यानं उठावं. मी उठणार न्हाई.