पोत्यातच मेलेला चुना

एका चुनाभट्टीवाल्यानं मला फसवलं. मेलेला चुना ताजा म्हणून माझ्या गळ्यात मारला, आणि तो लागला आमच्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतींना. कुणाच्या बंगल्याला लागला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो.

मी रंगकामाची कंत्राटं घेतो. दुसऱ्यांच्या हाताखाली भिंती खरवडत इथवर आलो. भाव पाडण्यात आमच्या भागात माझा हात धरणारा कुणी नाही. वैशाखी पौर्णिमेआधी विहाराला सफेदी द्यायची ठरली तेव्हा बैठकीत उभा राहून मी सांगितलं, सामान माझं, मजुरी नको. वस्तीसमोर माझ्या नावाचं एक काम उभं राहावं, एवढीच इच्छा होती.

कळीच्या चुन्याची परीक्षा सोपी असते. खडा पाण्यात टाकायचा. जिवंत असेल तर फसफसतो, पाणी उकळतं, खडा फुटून फुलतो. भट्टीवरच्या ढिगातून मी स्वतः खडा उचलून बादलीत टाकला. वाफ तोंडावर आली. मग मी अडून बसलो की पोत्याच्या अंदाजानं घेणार नाही, वजन करून घेणार. एरवी हा माणूस अशा वेळी तासभर कुरकुरतो. त्या दिवशी हसून म्हणाला, "घ्या की मालक, काट्यावर घ्या." मी काट्याकडं बघत राहिलो. हमाल मागच्या शेडमधून शिवलेली पोती आणत होते. ढिगाला त्यांनी हातही लावला नव्हता, हे मला फार उशिरा आठवलं.

चुना भिजवायच्या दिवशी मी केजला दुसऱ्या कामावर अडकलो. वस्तीतल्या माणसांनी पिंपात तो भिजवला आणि दोन हात मारूनही टाकले. मी परतलो तेव्हा भिंती पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. एकजण कौतुकानं म्हणाला, "चुना लई शांत हाय बरं का. कुणाचं बोटबी भाजलं न्हाई."

मी भिंतीवरून बोट फिरवलं, ते पांढरं झालं. चुना शांत असतो तो मेल्यावर.

पौर्णिमा दुसऱ्याच दिवशी होती, पुन्हा करायला वेळ नव्हता. विहार भरला. जो भिंतीला टेकला तो पाठीवर पांढरा पट्टा घेऊन उठला. निळ्या लुगड्यांवर तर लांबून दिसत होतं. बायका एकमेकींच्या पाठी झटकत हसत होत्या. विहार समितीतले एक म्हातारे, ज्यांना मी लहानपणापासून तात्या म्हणतो, सगळ्यांदेखत बोलले, "फुकटात द्यायचं हुतं, म्हनून मेलेला आनलास व्हय रं?"

माझ्या चुन्याचं पीठ त्यांच्या सदऱ्यावर होतं.

खरा डाव काय होता ते वस्तीतल्याच विज्ञानाच्या बाईंकडून कळलं. त्या हायस्कुलात शिकवतात. धातूचे ऑक्साइड बहुधा आम्लारिधर्मी, म्हणजे खाऱ्या गुणाचे; कळीचा चुना त्यातलाच. अधातूंचे बहुधा आम्लधर्मी. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड त्यातला. भिंतीवरचा ओला चुना हवेतला हा वायू ओढून घेतो आणि दगडासारखा घट्ट बसतो. माझी पोती गेल्या पावसाळ्यापासून त्या ओल्या शेडमध्ये पडून असणार. जे भिंतीवर व्हायचं ते पोत्यातच होऊन गेलं होतं. उरली होती खडूची भुकटी. आणि ओल व वायू पिऊन चुन्याचं वजन वाढतं, हे ऐकल्यावर काट्यावरचं ते हसू मला कळलं.

बाईंनी जस्ताच्या ऑक्साइडचंही सांगितलं. तो उभयधर्मी, आम्लाशी एक वागतो, आम्लारीशी दुसरं. मी म्हणालो, असली माणसं मला बाजारात रोज भेटतात. पाण्यालाही त्या ऑक्साइडच म्हणाल्या, पण उदासीन, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला ते जमत नाही.

मी भट्टीवर गेलो. तिथं गिऱ्हाईक होतं, तरी आवाज खाली आणला नाही. भट्टीवाला थंडपणे म्हणाला, "खडा तुमीच उचलला. वजन तुमीच मागितलं. माझं कावून नाव घेता?" मग गिऱ्हाईक बिचकलंय हे पाहून मला बाजूला घेतलं. ताजी पोती देतो, गुपचूप न्या, विषय मिटवा, असं हळूच सांगितलं.

म्हणजे त्याला माहीत होतं. ज्याला माहीत नसतं तो कानात बोलत नाही.

ती पोती मी घेतली नाहीत. भिंती घासून मी पुन्हा करीन, दुसरीकडचा चुना आणीन. पण तात्यांचं ते वाक्य मी कशानं घासू? वस्तीत अजून माझ्याकडं बघून लोक पाठ झटकल्याचं नाटक करतात.

भट्टीवाल्यानं विहारात यावं. खडा ढिगातला दाखवून शेडमधली पोती मलाच का दिली, ते माझ्या माणसांसमोर, गिऱ्हाइकादेखत मला ऐकवलं त्याच आवाजात सांगावं. येणार नसेल तर का येणार नाही, याचं तरी उत्तर द्यावं.