फोन न उचलणारा थुरानिरा

माउआ गावात मिराच्या गाड्या चालवणाऱ्यांची कीर्ती दोन वाटांनी पसरते. एक म्हणजे नैरोबीला सगळ्यांच्या आधी पोचून. दुसरी, न पोचून. दुसऱ्या वाटेची कीर्ती जास्त टिकते. थुरानिराला दोन्हींची हौस नव्हती, आणि गावाच्या मते त्याच्यात एवढीच काय ती खोट होती.

मिरा म्हणजे तरतरीसाठी चघळायच्या कोवळ्या डहाळ्या. सकाळी खुडायच्या, केळीच्या पानांत बांधायच्या आणि सुकायच्या आत राजधानीत पोचवायच्या. त्यामुळे पिकअप सुटली की माणसं आणि गुरं आपण होऊन कडेला होतात. मिसरूड फुटलेलं पोर अशा गाडीवर बसलं की आधी हॉर्न शिकतं; ब्रेकचं पुढे बघू म्हणतं.

थुरानिरा चालवायचा ती गाडी मकेनाच्या आईची. ही बाई मळ्यांतून माल उचलून पाठवायची आणि गाडी फोनवरून हाकायची. मेरू आलं का? न्कुबू गेलं का? झोपलास का? मागच्या ड्रायव्हरने एकदा फोन उचलला नाही, तर त्याला तिने संध्याकाळी गाडीवरून उतरवलं. थुरानिराला उतरवलं असतं तर दुसरी गाडी मिळाली नसती. सावकाश जाणारा म्हणून त्याचं नाव आधीच खराब झालेलं.

एके दिवशी वाटेतल्या चुका गावाच्या उतारावर 'कुठं पोचलास?'चं उत्तर द्यायला त्याने फोनकडे मान वळवली. मान सरळ केली तेव्हा समोर शेळी. शेळी हलली नाही; गाडी हलली आणि चहाच्या मळ्यात घुसली. शेळीने एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. थुरानिरा बराच वेळ स्टिअरिंग धरून बसला. ह्यातलं तो कुणाला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने फोन केळीच्या पानात गुंडाळला आणि मागच्या गठ्ठ्यांत, दोरखंडाखाली खोचला. शेजारच्या गाडीवर कोबिया होता. एका गालात मिरा, खिशात दोन फोन.

"काय रे, फोन पण विकायला काढलास?"

"पोचल्यावर लागेल. तोवर काय काम?"

"आणि मकेनाच्या आईचा आला म्हणजे?"

"वाजू दे."

"मग तोवर ती तुला जिवंत ठेवेल होय?" कोबिया हसला आणि धूळ उडवत गेला.

गाडी मेरूला पोचली असेल तेव्हापासून मकेनाच्या आईने फोन लावायला सुरुवात केली. रिंग जात होती. चुकापर्यंत तिने शिव्या दिल्या, चुकानंतर देवाचं नाव घेतलं. ह्या धंद्यात ड्रायव्हर फोन उचलत नाही ह्याचा अर्थ एकच असतो. तेवढ्यात एम्बूकडून कुणीतरी कळवलं की एक पिकअप उलटलीय, रस्ताभर हिरवं सांडलंय. ती भाजीच्या कोबीची गाडी होती, पण तिथवर चौकशी कोण करतो? कोबियाला विचारलं, तर तो म्हणाला, "फोन मागे बांधलाय त्याने."

"ड्रायव्हर फोन मागे बांधतो? शुद्धीवर आहेस का?"

कोबियालाही मग आपलं बोलणं खोटं वाटायला लागलं. त्या मानाने मरण पटण्यासारखं होतं.

थुरानिराच्या आईच्या अंगणात बाया जमल्या, मकेनाची आईही रडत आली, चहा चढला. एकाने अंत्यविधीच्या तयारीसाठी व्हॉट्सॅप गट काढला आणि फोनमधल्या झाडून सगळ्या ओळखीच्यांना त्यात घेतलं. त्या झाडून सगळ्यांत थुरानिराही होता.

नैरोबीत माल उतरल्यावर त्याने गटात स्वतःविषयी वाचलं. कोबियाने लिहिलं होतं, "असा ड्रायव्हर पुन्हा होणे नाही." मकेनाच्या आईने लिहिलं होतं, "इतका सावध मुलगा माझ्या गाडीला परत मिळायचा नाही." थुरानिराने खाली लिहिलं, "पोचलो. माल ताजा आहे."

मग एकाने विचारलं, "हा कोण?"

मग त्याचा फोन वाजला; मकेनाची आई.

"जिवंत आहेस?"

"हो, मावशी."

"मग उचलत का नव्हतास?"

"गाडी चालवत होतो."

"उद्यापासून चालवू नकोस!"

"तुमची गाडी आहे, मावशी. पण चालवताना फोन नाही उचलणार. मेरू, चुका, एम्बू, प्रत्येक ठिकाणी थांबून मीच करीन. ठेवायचं तर असं ठेवा."

मकेनाच्या आईच्या भोवती तेव्हा अख्खं अंगण बसलं होतं. ज्याच्यासाठी आत्ताच इतकी रडली त्यालाच कामावरून काढायचं, तर लोक काय म्हणतील, हे तिला दिसत होतं.

"आधी तुझ्या आईशी बोल," ती म्हणाली. "रडून रडून घसा बसलाय तिचा. आणि उद्या वेळेवर ये."

दुसऱ्या दिवशी चुकाला तो थांबला, गठ्ठा सोडला, फोन काढला.

"चुका, मावशी."

"इतका उशीर?"

"थांबलो ना, म्हणून."

तिने फोन ठेवला आणि कोबियाला लावला. कोबियाने चालत्या गाडीत लगेच उचलला.