बिनलसणाचा सॉस

समोरच्या भाभी मारवाडी जैन. जळगावातल्या आमच्या या बिल्डिंगमध्ये आमची दारं समोरासमोर, मिक्सरसुद्धा दोघींनी एकाच दुकानात जाऊन एकसारखे घेतलेले. पण इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे चहापलीकडे काही तोंडात घातलं नव्हतं. पास्ता खायची त्यांना फार हौस, आणि हॉटेलच्या सॉसमध्ये लसूण असायचाच.

"मी घरी करते, बिनलसणाचा," मी तोऱ्यात सांगून टाकलं.

"तुमच्या भरवशावर येते हं," त्या म्हणाल्या.

टमाटे उकळत्या पाण्यातून काढून सोलले. कढई घासून लख्ख केली. मिक्सरचं एक भांडं धुऊन पुसून खास त्यांच्यासाठी बाजूला ठेवलं. उष्टं नको म्हणून सॉस चाखलासुद्धा नाही.

भाभींनी बशी पुसून खाल्ली. "लसूण नाही, तरी काय चव आहे!" मी फुगले आणि आणखी वाढायला स्वयंपाकघरात गेले.

खास ठेवलेलं भांडं ओट्यावर होतं तिथंच होतं. कोरडं ठणठणीत. टमाटे वाटले होते ते दुसऱ्याच भांड्यात. त्यात सकाळी लसणाची चटणी वाटून, संध्याकाळी विसळून ते पाणी रस्स्यात ओतावं म्हणून ते मी न धुता ठेवलं होतं. चटणीचा कण वाया जाऊ द्यायचा नाही, ही आमच्या घरची शिस्त. हात सवयीनं तिकडेच गेला, आणि लसणाचा वास तर या घरात मुरलेलाच, मला कळणार कसा? पात्याखाली चटणी अजून चिकटलेली होती.

सासूबाईंनी एका नजरेत सगळं ओळखलं. "तिले काय मालूम शे? तू चूप ऱ्हाय."

क्षणभर मलाही तेच सोपं वाटलं. याचीही लाज वाटते. पण बाहेर भाभी दुसऱ्यांदा बशी पुढे करून बसल्या होत्या.

मी सांगितलं. भाभींनी बशी हळूच खाली ठेवली, बेसिनवर जाऊन खूप वेळ चुळा भरल्या, डोळे मिटून हात जोडले. "मुद्दाम नाही ना केलं?" एवढंच विचारलं आणि गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांची चाहूल लागली की मी आपलं दार लोटून घ्यायची.

एका दुपारी त्यांनीच ते दार ढकललं. हातात त्यांच्या मिक्सरचं भांडं.

"हे तुमच्या मिक्सरला बसतं. इथंच ठेवा, यात फक्त माझा सॉस."

मी भांडं धुतलं, पुसलं, आणि वास घेऊन बघा म्हणून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी वास न घेताच ते हातानं बाजूला सारलं आणि टमाटे सोलायला बसल्या. मला मान वर करता येईना.