तीन वाजून चार मिनिटांचा लाइव्ह

दुपारचे सव्वादोन वाजले होते. शिरूरच्या निवडणूक कार्यालयाच्या आवारात, लिंबाखालच्या बाकड्यावर मी माझ्या अशील मंदाताई कोळपे यांची फाइल पुन्हा एकदा तपासत होते. तेवढ्यात मंदाताईंचं तिकीट कापल्याची बातमी खुद्द मंदाताईंच्याच मोबाइलवर आली.

"मॅडम, ह्यो काय म्हनतोय बघा," म्हणून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

फोनवर प्रमोद होता. 'घोडकाठ बोलतो' नावाचं बातम्यांचं फेसबुक पेज चालवतो. तो शिक्रापूरच्या चौकात लाइव्ह उभा होता, मागे ट्रकची रांग, आणि हातात एक कागद. "मंडळी, ह्यो बघा वरिजनल बी फॉर्म! सगळ्यात आधी फक्त आपल्याकडं!" कागद त्याने कॅमेऱ्याच्या इतका जवळ आणला, की मला तो ओळ न् ओळ वाचता आला. तेवढी मदत त्याने आम्हाला फुकट केली.

बी फॉर्म म्हणजे काय, ते सांगते. मी वकील आहे. एरवी शिरूर कोर्टात बांधाची आणि वाटपाची भांडणं चालवते. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे लोक उमेदवारी अर्ज घेऊन माझ्याकडे येतात. ज्याला लोक 'एबी फॉर्म' म्हणतात ते खरं तर दोन कागद असतात. पक्षातर्फे सही कोण करणार हे ए फॉर्म सांगतो. तिकीट कोणाला, हे बी फॉर्म सांगतो. शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो शाईच्या सहीचा मूळ कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पडला पाहिजे. झेरॉक्स चालत नाही, व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालत नाही.

मंदाताईंचा फॉर्म आम्ही सकाळी साडेअकरालाच दिला होता. त्याची पोच, म्हणजे मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, माझ्या फाइलमध्ये होती. पण पक्षाने दुपारी त्याच जागेसाठी दुसरा फॉर्म दिला होता. असे दोन फॉर्म आले तर काय? दुसऱ्यात 'आधीच्या उमेदवाराचं नाव रद्द' असं लिहिलेलं नसेल, तर ज्याचे कागद आधी आले त्याचं तिकीट टिकतं. लिहिलेलं असेल, तर पहिला गेला. प्रमोदच्या हातातल्या कागदावर ते स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. रद्द केलेलं नाव: मंदा कोळपे. खाली पक्षाच्या साहेबांची सही.

म्हणजे तो कागद तीनच्या आत शिरूरला पोचला, की मंदाताईंचा खेळ संपला.

मंदाताई इनामगावच्या बाजूच्या. सासरे मेंढरं घेऊन फिरायचे. आता घरची बागायत आहे. चौदा वर्षं या बाईने पक्षाचं काम केलंय. मतदार याद्या हातात घेऊन वस्त्या पालथ्या घातल्या, सभेला बायका आणल्या, साहेब आले की हार यांनी करून ठेवायचा आणि घालायचा मात्र दुसऱ्याने. जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी यांचा नंबर. तेवढ्यात कारेगावच्या शेठची बायको पक्षात आली. शेठ म्हणजे कंपन्यांना कामगार पुरवणारे लेबर कॉन्ट्रॅक्टर. बायकोचं नाव वैशालीताई. पक्षात येऊन महिना झाला होता. त्यांचा अर्ज आदल्या दिवशीच भरला होता, फक्त बी फॉर्म यायचा होता, आणि तो घेऊन प्रमोद शेठच्या गाड्यांबरोबर निघाला होता.

आता नियमाची गंमत. पक्षाच्या घटनेत एक कलम आहे: दोन वर्षं क्रियाशील सदस्य असल्याशिवाय तिकीट नाही. निवडणूक अधिकाऱ्याला या कलमाशी काही देणंघेणं नसतं, तो पक्षाचा घरचा मामला. पण त्यावरून दोन पेजचं युद्ध पेटलं होतं. दोन महिन्यांपूर्वी दौंड तालुक्यातल्या एका गटात नव्याने आलेल्या माणसाचं नाव पुढे आलं. तेव्हा प्रमोदने लिहिलं होतं की हे कलम म्हणजे पक्षाचा आत्मा आहे. दौंडमधून 'थेट भीमेवरून' नावाचं पेज चालवणाऱ्या सचिनने उत्तर दिलं की कलम ही फक्त मार्गदर्शक सूचना आहे, निवडून येण्याची क्षमता महत्त्वाची. मग शेठच्या जाहिराती प्रमोदच्या पेजवर झळकल्या आणि आत्म्याची एका रात्रीत मार्गदर्शक सूचना झाली. ते बघून सचिनला दौंडमध्ये बसल्या बसल्या आत्म्याचा साक्षात्कार झाला. दोघांचे जुने लेख मी प्रिंट काढून ठेवले होते. लेखांवरच्या नावांची अदलाबदल केली असती तर दोघांना नवीन काही लिहायची गरजच नव्हती.

"मॅडम, मी घरी जाते," मंदाताई म्हणाल्या. डोळे भरले होते. "ते सोळा गाड्या घिऊन येत्यात. मी हितं कशाला बसू?"

"अजून पाऊण तास आहे. बसा."

"आवो पन काटलंय ना मला!"

"कागदावर कापलंय. कागद अजून शिक्रापुरात आहे. तुमची पोच इथं आहे. बसा म्हणते ना."

माझा आवाज जरा चढलाच. मलाही राग आला होता, पण तो मंदाताईंवर नव्हता.

शिक्रापूरच्या चौकातून शिरूरला यायला, रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास पुरेसा असतो. तो कधी मोकळा असतो, हे मला सत्तावीस वर्षांत कळलेलं नाही. तरी ते थेट निघाले असते तर पोचले असते. पण वाटेत कारेगाव होतं. शेठचं गाव. तिथे दोन जेसीबी उभे होते, त्यांच्या बकेटमध्ये झेंडूची फुलं भरलेली, आणि शिफ्ट सुटलेले कामगार रांगेत उभे केलेले. बायकोला तिकीट मिळालं आणि फुलं उधळली नाहीत, तर शेठला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आम्ही बाकड्यावर बसून सगळं लाइव्ह बघत होतो. प्रमोदने फॉर्म वैशालीताईंच्या हातात दिला, पहिल्या जेसीबीने फुलं टाकली. शॉट नीट आला नाही म्हणून प्रमोदने ताईंना परत मागे नेलं. मग दुसऱ्या जेसीबीने टाकली.

घड्याळात पावणेतीन होऊन गेले होते.

प्रमोद इतका बिनघोर कसा, हे मला कळेना. ते कळलं शेठच्या माणसामुळे. दत्ता त्याचं नाव, वैशालीताईंचा सूचक. तो सकाळपासून आवारात रांगेत उभा होता. आमच्या बाकड्याजवळ आला.

"मॅडम, आमचा नंबर लागलेला हाय. फॉर्म मागनं आला तर चालंल ना?"

"मी तुमची वकील नाही. आत अधिकाऱ्यांना विचारा."

"सायबाला कशाला तरास? प्रमोदभाऊंनी लिव्हलंय की. लाइनीत आपला मानूस आसला की झालं म्हनं."

खरंच लिहिलं होतं. आठवड्यापूर्वी, 'नियम समजून घ्या' या मथळ्याखाली, वर स्वतःचा चष्मा लावलेला फोटो. नियम असा आहे: तीनला गेट बंद होतं आणि तेव्हा जे उमेदवार कागदांसह आवारात असतात, त्यांना टोकन देऊन नंतरही घेतात. माणसाबरोबर कागद पण आत लागतो. प्रमोदने त्यातला माणूस तेवढा ठेवला आणि कागद गाळला.

"अधिकाऱ्यांना विचारा," मी पुन्हा म्हटलं. याहून जास्त सांगणं माझ्या अशिलाशी बेइमानी झाली असती. दत्ताने अधिकाऱ्यांना विचारलं नाही. त्याने प्रमोदला फोन लावला, आणि प्रमोदने त्याला लाइव्हवरच सगळ्यांसमोर सांगितलं, तू फक्त लाइनीत उभा राहा.

तीन वाजले. शिपायाने गेट ओढून कुलूप लावलं. रांगेत होता म्हणून दत्तालाही टोकन मिळालं. टोकन हातात धरून तो बी फॉर्मशिवाय आत उभा राहिला. गाड्या आल्या तेव्हा साडेतीन वाजत होते. वैशालीताईंच्या केसांत अजून झेंडूच्या पाकळ्या होत्या. गेटबाहेर शेठ ओरडत होते, दत्ता आतून टोकन दाखवत होता, आणि प्रमोद दोघांच्या मध्ये उभा राहून लाइव्ह करत होता: "लोकशाहीचा गळा घोटला जातोय मंडळी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी छाननी. म्हणजे अधिकारी एकेक अर्ज तपासतात आणि हरकती ऐकतात. शेठने पुण्याहून वकील आणला होता. त्याने तो दुसरा बी फॉर्म हरकतीला जोडला आणि सांगितलं की गाड्या तीनच्या आत पोचल्या होत्या, गेट मुद्दाम लवकर लावलं, आणि कार्यालयाच्या कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे केलेलं होतं. प्रमोदच्या पेजवर हेच पहाटेपासून चाललं होतं. आदल्या दिवसाचा लाइव्ह मात्र त्याने काढून टाकला होता.

पण दौंडच्या सचिनने तो आधीच उतरवून घेतला होता, प्रमोदची टर उडवायला. सकाळीच मी त्याला फोन केला होता.

"मॅडम, मी कायम सत्याच्या बाजूनं," सचिन म्हणाला.

"मग सत्य पाठवा. वरची हसणारी तोंडं आणि मागची पिपाणी काढून."

"मूळ फाइल देतो. पन माझ्या पेजचं नाव घ्याल ना तितं?"

नाव घेतलं. एवढी किंमत परवडणारी होती. अधिकाऱ्यांसमोर मी व्हिडिओ लावला. मागे जेसीबी, वर फुलं, आणि प्रमोदचा खणखणीत आवाज: "मंडळी, तीन वाजून चार मिन्टं झालीत, आपन आजून कारेगावातच हाय! काळजी करू नका, आपला दत्ता लाइनीत हाय!"

अधिकाऱ्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग प्रमोदकडे बघून विचारलं, "हा आवाज तुमचाच ना?"

प्रमोद मागच्या रांगेत मोबाइल उंच धरून उभा होता. त्याने मोबाइल खाली घेतला. "व्हय," म्हणाला.

पुण्याच्या वकिलाने फाइल मिटली. पक्षाच्या उमेदवार म्हणून मंदाताई राहिल्या.

बाहेर आलो तर प्रमोद आमच्या आधी पायऱ्यांवर हजर. माइक पुढे केला. "ताई, निष्ठेचा इजय झाला, दोन शब्द बोला की."

मंदाताईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ह्याच तोंडानं इचारतोस का दुसरं आनलंयस?"

माइक मागे गेला. मला वाटलं, बाई आता पेढे वाटतील. त्या मात्र माझ्याकडे वळल्या. "मॅडम, त्या दुसऱ्या फॉर्माची नक्कल मिळंल का?"

"कशाला? बाद झालेला कागद तो."

"त्याच्यावर माझं नाव हाय. सायबांनी सोता सही करून काटलेलं. चौदा वर्सांत त्यांनी माझं नाव एवढ्या नीट कवाच लिव्हलं नव्हतं."

मी नकलेचा अर्ज लिहायला घेतला.

प्रचाराच्या सभेला साहेब शिरूरला आले. भाषणात म्हणाले, "दबाव फार होता, पण मंदाताईंची निष्ठा बघून मी स्वतः ठामपणे त्यांना तिकीट दिलं." टाळ्या पडल्या. मंदाताई स्टेजवर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. नक्कल त्या पर्समध्ये होती, हे मला माहीत होतं. साहेबांचं ते वाक्य 'घोडकाठ बोलतो' आणि 'थेट भीमेवरून' या दोन्ही पेजवर जसंच्या तसं मथळा म्हणून लागलं. त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

तेव्हापासून उमेदवार आला की मी आधी सांगते: बी फॉर्म मिळाला की सरळ गेट गाठा, फुलं परतीच्या वाटेवर. आणि पोच जपून ठेवता तशी, नाव कापलेल्या कागदाची नक्कलही ठेवा.