रस्ता येऊन राहिलाय

नांदेडच्या पार टोकाला आमची कॉलनी आहे. कॉलनी म्हणजे प्लॉट, बोअर, अर्धवट भिंती आणि दर निवडणुकीत मंजूर होणारा रस्ता. त्या रस्त्यावर मी गाणं केलं. शब्द माझे, चाल माझी, गिटारही मीच वाजवते. गाणं झकास झालं होतं, उगाच विनय कशाला? ध्रुवपद होतं, 'रस्ता येऊन राहिलाय, बाई, रस्ता येऊन राहिलाय.'

रेकॉर्डिंग लातूरला होतं. माझं हे पहिलंच गाणं, लोक मला याच्यावरूनच ओळखणार होते. बाबा सोबत आले. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. घरात कुणी 'करून राहिले' म्हटलं की तोंडात घास असला तरी टोकायचे, "करते आहे, म्हण."

स्टुडिओतला संगीत संयोजक पुण्यात शिकून आलेला. ध्रुवपद ऐकून त्यानं हेडफोन उतरवला.

"ताई, येऊन राहिलाय म्हणजे काय, रस्ता मुक्कामाला आलाय का? 'येत आहे' करू. सगळीकडे चालेल."

"मी हेच सांगून थकलो," बाबा म्हणाले.

मला रागच आला. तरी एकदा 'रस्ता येत आहे' गाऊन दाखवलं. स्टेशनवरची घोषणाच वाटली ती. 'येत आहे' फ्लेक्सवर लिहितात. आमचा रस्ता वर्षानुवर्षं येऊन राहिलाय. त्यात वैताग आहे, आशा आहे, थोडी चेष्टाही आहे, आणि ते सगळं त्या 'राहिलाय'मध्ये बसतं. शब्द बदलायचा असेल तर मी गात नाही, असं मी स्पष्ट सांगून टाकलं.

तेवढ्यात आईचा फोन आला. बाबांनी घाईघाईनं उचलला.

"हाव, हाव, रेकॉर्डिंगच होऊन राहिलंय! पोरगी लई भांडून राहिली इथं!"

संयोजक हसला. मी तर पोट धरून हसले. बाबांनी फोन खिशात ठेवला, पण ते हसले नाहीत.

"ट्रेनिंगला पुण्यात होतो," ते म्हणाले, "तेव्हा पहिल्याच पाठाला माझ्या तोंडून असंच निघालं. अख्खा वर्ग हसला. पुढं वर्षभर मला 'राहिलो' म्हणूनच हाक मारायचे. तुला कुणी तसं हसू नये, म्हणून टोकत आलो."

मला एकदम गलबलून आलं. इतकी वर्षं मी समजत होते, यांना व्याकरणाची हौस आहे.

"बाबा, या गाण्याला हसायलाच पाहिजे लोकांनी. मी त्यांना हसवायलाच लिहिलंय."

बाबा संयोजकाकडे वळून, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "घ्या, तिचं आहे तसंच घ्या. आणि पुण्यात कुणी विचारलं, तर सांगा, मास्तरांनी तपासलंय."