गोणपाटाची परवानगी

वसाहत कार्यालयातल्या त्या अधिकाऱ्याला मी आजही क्षमा केलेली नाही, आणि वय झाले म्हणून ती करावी असेही मला वाटत नाही. परंतु तक्रारदाराने सर्व वस्तुस्थिती उघड केली पाहिजे, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो. तो नियम मलाही लागू आहे.

सत्तरच्या दशकात मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या विधी विभागात कारकून होतो. कंपनीच्या वसाहतीत आम्हाला तळमजल्यावरची जागा मिळाली. मागे लहानसे परसू होते, आणि परसाच्या कडेला गोदामाची पत्र्याची उंच भिंत. दुपारी पश्चिमेचे ऊन समोरून येई, त्या पत्र्यावर आदळे आणि पुन्हा झाडांवर पडे. एकाच उन्हाचा मार दोनदा.

तिथे माझ्या पत्नीने वांगी लावली. ते तिच्या माहेरच्या मळ्यातले वाण होते, पांढऱ्या रेघांचे, काटेरी देठाचे. मळा औद्योगिक क्षेत्रासाठी संपादित झाला होता आणि त्या जागेवर आता यंत्रांचे सुटे भाग तयार होत. वाण उरले होते ते तिच्याजवळच्या राखेतल्या एका पुरचुंडीत. बी जुने होत चालले, म्हणून हंगामाची वाट न पाहता तिने थंडीच्या अखेरीस होते नव्हते ते सगळे पेरले. आठ रोपे उगवली. पाच आम्ही लावली, तीन तिने शेजाऱ्याच्या परसात लावायला दिली. शेजारी कंपनीच्या गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक होता. तिला तो भाभी म्हणे.

चैत्रात फळे धरली. प्रत्येक झाडावरचे एक फळ तिने बियाण्यासाठी राखले. असे फळ झाडावरच पिवळे पडू द्यावे लागते, आणि त्याला लागणारा महिना-दीड महिना नेमका वैशाखातला होता. ती उजाडण्यापूर्वी पाणी घाली. रसवंतीवरची उसाची चिपाडे आणून तिने बुंध्याशी पसरली. चार बांबूंवर गोणपाट ताणले. भर दुपारी ती ते भिजवून टाकी. शेजाऱ्यानेही तसेच केले. फळे टवटवीत होती.

कुणाचाही आक्षेप नव्हता. पुन्हा लिहितो: कुणाचाही आक्षेप नव्हता. मात्र लेखी परवानगीशिवाय आवारात आडोसा उभारू नये, असे एक कलम जागेच्या करारात होते आणि ते मला स्वस्थ बसू देईना. मी रीतसर अर्ज केला. बांबूंच्या उंचीसह नकाशा जोडला. कार्यालय हाकेच्या अंतरावर होते, तरी अर्ज पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने पाठवला.

मेकॅनिकला हसू आवरेना. “साहेब, विचारलंत कशाला? विचारलं की तो नाहीच म्हणणार. पगार कशाचा घेतो तो?”

“उद्या कुणी आक्षेप घेतला तर?”

“तर काढू की! गोणपाट आहे राव, ताजमहाल आहे का?”

उत्तर आले: प्रकरण विचाराधीन आहे, निर्णय होईपर्यंत आडोसा काढून ठेवावा.

मी बांबू सोडू लागलो तेव्हा पत्नी दाराशी आली. “अहो, राहू द्या ना थोडे दिवस. कोण बघायला येतंय?”

“स्वतः नियम मोडून न्याय मागता येत नाही.”

“हे वांग्यांना सांगा,” ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फळांच्या पश्चिमेकडच्या अंगावर उकडल्यासारखे पांढरे डाग पडले. डाग कागदासारखे सुकले, मग खचले, आणि फळे आतून सडली. तिने छत्री बांधून पाहिली. ती वाऱ्याने उलटली. पाचही फळे गेली, मागोमाग झाडेही वाळली.

“शेजारी तीन आहेत,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

इथे मी थांबायला हवे होते. पण माझा संताप अनावर झाला होता. कार्यालयाला मी दुसरे, कडक पत्र लिहिले. वसाहतीत अन्यत्र असे आडोसे खुशाल उभे असताना एकट्या माझ्यावरच बंधन का? नियम सर्वांना समान असला पाहिजे. दाखला म्हणून शेजाऱ्याच्या घराचा क्रमांक दिला. हेतू एवढाच की, त्याला मुभा आहे तर मलाही मिळावी.

या पत्राची दखल मात्र तत्परतेने घेतली गेली. वॉचमन दोन माणसे घेऊन आला आणि त्याने शेजाऱ्याचे बांबू उपटले. मी हरकत घेतली, तेव्हा त्याने हातातला कागद माझ्यासमोर धरला. “सायबांचा हुकूम हाय. आन् तुमच्याच पत्रावर हाय न्हवं का!”

पुन्हा आडोसा दिसल्यास जागा खाली करावी लागेल, अशी ताकीदही शेजाऱ्याला मिळाली. त्याला चार मुले होती. शिफ्ट संपवून आल्यावर तो उघड्या वाफ्यापाशी बराच वेळ उभा राहिला. ओरडला असता तर बरे झाले असते.

“माझा नंबर कशाला घातला, साहेब?”

“दाखला म्हणून.”

त्यानंतर त्याने मला साहेब म्हटले नाही.

दोन दिवसांत त्या तीन फळांवरही तेच पांढरे डाग उमटले आणि झाडेही वाळू लागली. पत्नीने ती सडण्यापूर्वीच तोडून आणली आणि विळीवर चिरली. आतले बी मऊ होते, चपटे, पांढरे. तिने ते तरीही राखेत घोळवून ठेवले. पुढे पेरले. एकही उगवले नाही.

विलंबाबद्दल मी त्या कार्यालयाला जी पत्रे लिहिली, त्यांच्या नकला आजही माझ्याजवळ आहेत. शेजाऱ्याला एक लिहायचे होते. त्याचा मसुदा कधी जमला नाही.

भाद्रपदात निर्णय आला. गोणपाटाचा तात्पुरता आडोसा उभारण्यास अटींसह परवानगी देण्यात येत आहे; प्रत शेजाऱ्यास माहितीस्तव. मी ते पत्र उभ्यानेच मोठ्याने वाचून दाखवले. पत्नी बाजारातली वांगी चिरत होती, जांभळी, गुळगुळीत, बिनकाट्यांची. तिने मान वर केली नाही.

“फाईलला लावा,” ती म्हणाली.