मास्टर उत्तर मागायला येतात

जेवणं झाली आहेत. भिजवलेले वाल सोलता सोलता माझी मान पुढे पडते, सावरते, पुन्हा पडते. आतून सून म्हणते, "आई, आडव्या व्हा थोड्या. चारला ती रेकॉर्डिंगवाली मुलगी येणार, तेव्हा आवाज बसलेला नको." मी दात काढून पेल्यात ठेवते आणि ओटीवरच चटईवर कलंडते. डोळे मिटले तरी ऊन पापण्यांतून तांबूस होऊन आत येतं. बोटांना वालाचा वास आहे. डोक्यावर पंखा कटकटतो आहे. ती कटकट मधेच एक ठोका सोडते, पुढचा लांबवते, आणि माझ्या ध्यानात येतं की हा पंखा नाही, कुणीतरी पायाने ताल धरला आहे.

ओटीच्या पायरीवर इनास मास्टर बसले आहेत.

ते वारले आहेत, हे मला झोपेतही ठाऊक आहे. पांढरा कोट, गळ्याला काळा बो, पायांत मात्र काही नाही. मांडीवर ट्रम्पेट.

"चांगुणे, बिरडं करतेस काय?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमचं जेवण संपलं."

"वास तरी घेऊ दे, बाय."

इनास तुस्कानो कोण, हे आता सांगावं लागतं. वसईचे. जाझ वाजवणारे, स्वतःच्या बँडचे मास्टर. रात्री मुंबईच्या मोठ्या हॉटेलात लोक त्यांच्या ट्रम्पेटवर नाचायचे, आणि दिवसा मास्टर स्टुडिओत उभे. रेकॉर्डी किती काढल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. नाचाच्या, नाताळच्या, सिनेमातल्या गाण्यांच्या. गणपतीची आरती आणि कव्वाली एकाच आठवड्यात. ओठ सुजला की कोळणीकडचा बर्फ लावायचा आणि पुन्हा उभं राहायचं. बँडमधली पोरं म्हणायची, मास्टरना शिंक आली तरी तिची रेकॉर्ड निघेल. त्या सगळ्या ढिगात सगळ्यात जास्त वाजली ती एकच. लग्नात वाजली, जत्रेत वाजली, इराण्याच्या हॉटेलात चहाबरोबर वाजली. ते गाणं आमच्या घरचं आहे.

"कशाला आलात?" मी विचारते.

"उत्तर मागायला."

माझ्या पोटातला राग उठून बसतो. माझ्याआधी तोच उठतो.

मी चटईवरून पाय खाली टाकते, तर पायाखाली मीठ करकरतं. हे आमचं मिठागर आहे. इथे मी लग्नाआधीपासून डोक्यावर पाट्या वाहिल्या, टाचांच्या भेगांत मीठ भरून घेतलं. पण आज बांध सरळ नाहीत. गोल आहेत. काळे, बारीक, एकात एक. मी बांधावरून चालते आणि चालता चालता आत आत ओढली जाते. मधोमध मास्टर उभे आहेत.

"फिरत राहा," ते म्हणतात, "म्हणजे गाणं होतं."

"अर्धं होतं."

"तेच म्हणायला आलोय ना."

गाणं हळदीचं. माझ्या आजीकडून आईकडे आलं, आईकडून माझ्याकडे. त्यात आधी आई विचारते, मग मुलगी उत्तर देते. आई विचारते:

*मिठाच्या बांधावरून कोण गं चालली,*
*मागे वळून पाहीना?*

हे तीनदा विचारायचं, दरवेळी थोडं वर चढून. मग थांबायचं. मांडवात सगळ्या बाया गप्प होतात. मग मुलीचं उत्तर. आमच्या शेजारच्या हळदीला मास्टरांचा बँड आला होता. मी गात होते, आणि हा एवढा मोठा वाजवणारा माणूस मांडवाच्या खांबाला धरून तोंड उघडं टाकून उभा होता. मुलीचं उत्तर यायच्या आतच म्हणाले, हे गाणं घेऊन मुंबईला चल, रेकॉर्ड करू, तू गा, मी मागे वाजवतो.

"मागे वाजवतो म्हणाला होतात," मी म्हणते.

मीठ नाही. भिंती आहेत, भिंतींना गोणपाटं लावली आहेत. स्टुडिओ. मास्टर पार मागे दाराजवळ उभे आहेत, कारण ट्रम्पेटचा आवाज मोठा, तो जवळून वाजला तर माझा आवाज बुडेल. मी पुढे, माइकसमोर. माझे हात तरुण आहेत, कोपरापर्यंत हिरवा चुडा. लग्नाला वर्षही झालेलं नाही. चुड्यावर मी पदर गुंडाळला आहे, कारण काच जराशी किणकिणली तरी तो माइक चोर पकडावा तशी पकडतो. लाल दिवा लागतो. मी विचारते एकदा. विचारते दोनदा. तिसऱ्यांदा वर चढताना माझा हात वर जातो. हात वर गेल्याशिवाय आवाज वर जात नाही, आमच्यात कुणाचाच जात नाही. पदर सुटतो. चुडा वाजतो.

मागून मास्टरांचा हात वर होतो. पंजा उघडा. थांबा.

"काढ त्या बांगड्या," ते म्हणतात. रागाने नाही. बूट काढून ये म्हणावं तसे.

"बाहेर बाकावर हे बसलेत," मी म्हणते. "जिवंत आहेत. विडी ओढतायत. आणि मी आत हात मोकळे करून गाऊ?"

"पाच मिनिटांचा तर प्रश्न, बाय."

"तुमच्या बायकोला सांगा."

ते हसतात. म्हणतात, बरं, जा, चहा पिऊन ये. मी बाहेर जाते. ह्यांच्या शेजारी बाकावर बसून बशीत चहा ओतते. आणि दाराच्या फटीतून माझं गाणं ऐकू येतं. शब्द नाहीत. पितळ आहे.

माझा आवाज ज्या टेपवर होता, तीच उलटी फिरवून तिच्यावर त्यांनी ट्रम्पेट भरला. टेप वाया घालवायची नसते म्हणे. माझा आवाज एकदाच कुठेतरी उतरला होता, तो चहा निवायच्या आत पुसला.

"मी चोरलं नाही काही," मास्टर दाराजवळून म्हणतात. "तू घेतलंस तस्सं घेतलं. तुझा दम जिथे तुटला, तिथेच मीही दम घेतला. ऐकून बघ."

"म्हणजे दमसुद्धा माझाच घेतलात."

ते ट्रम्पेटमधली थुंकी खाली झटकतात. जमिनीवर पडते ते मीठ.

"साठी उलटल्यावर मी अक्षरं शिकले," मी सांगते. "सुनेने शिकवली, निवडलेल्या तांदळात बोट फिरवून. पहिल्यांदा काय वाचलं माहीत आहे? तुमच्या कॅसेटचं कव्हर. इनास तुस्कानो, ते जमलं. त्याच्याखाली होतं, पारंपरिक. एकेक अक्षर लावत गेले. सुनेला विचारलं, पारंपरिक म्हणजे कोण गं बाई? ती म्हणाली, म्हणजे कुणाचंच नाही, आई. जुनं."

"ते कंपनीवाले लिहितात."

"आणि तुम्हाला वाचता येत होतं."

गोणपाटं खाली लोंबतात आणि त्यांची सतरंजी होते. तीच खोली, पण आता माझं घर. बाया भिंतीला टेकून बसल्या आहेत. कोपऱ्यात ह्यांच्या फोटोला ताजा हार. माझे हात उघडे आहेत. मनगटावर काच लागल्याची बारीक रेघ आहे, कारण बांगड्या फोडताना चुलतसासूने घाई केली. मला हे नको आहे. मला दुसरीकडे जायचं आहे. पण दारातून मास्टर आत येतात, टोपी हातात, डोळे खरंच ओले. माझ्यासमोर उकिडवे बसतात. आणि तेव्हा बोलले तेच बोलतात, शब्दाला शब्द.

"चांगुणे, वाईट झालं. फार वाईट झालं." मग जरा थांबून, हलकेच, "आता ये रेकॉर्डिंगला. आता अडचण नाही."

बाया बघत राहतात.   माझी तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. आज चिकटत नाही.

"अरे मेल्या," मी म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे करते, आणि तोंडात गूळ विरघळावा तसं वाटतं. "माझा माणूस जाण्याची वाट बघत होतास तू?"

"नाही! देवाशपथ, नाही. मला वाटलं, तुला बरं वाटेल. काम मिळेल. मन रमेल. मला तर दुःख झालं की मी वाजवायचो. बाप गेला त्या दिवशी तीन गाणी रेकॉर्ड केली मी. दुसरं काही येतच नव्हतं मला, चांगुणे."

"मग ते तुझं. माझ्या ओटीवर कशाला आणलंस?"

ते ट्रम्पेट उलटसुलट करत बसतात. पांढऱ्या कोटाच्या बाह्या झिजल्या आहेत. मेल्यावरही कपडे झिजतात, हे मला माहीत नव्हतं.

"मी आहे तिथे," ते सांगतात, "माझ्या सगळ्या रेकॉर्डी वाजतात. एक संपते, दुसरी लागते. तक्रार नाही, आयुष्यभर तेच केलं. पण तुझी ती संपत नाही. आई विचारते. पुन्हा विचारते. पुन्हा विचारते. मला पुढचं येत नाही. तू गायलीच नव्हतीस पुढचं. मी तेच तेच तीनदा वाजवून रेकॉर्ड भरली. लोकांना कळलं नाही. पण मला झोप नाही, बाय. एकदा उत्तर सांग. एकदाच. मग मी जातो."

"मला लागते का झोप?"

"आत्ता तर लागलीय."

मला हसू फुटतं, आणि फुटलं म्हणून आणखी राग येतो.

"नाही सांगणार," मी म्हणते.

"मग वाजव," ते म्हणतात, आणि ट्रम्पेट माझ्यापुढे धरतात. "तूच. मी मागे उभा राहतो, दाराजवळ. खरंच मागे. मला आता फुंकर नाही, तुला आहे."

आम्ही मिठागरात आहोत. मीठ पांढरं, आभाळ पांढरं, मधे कुठे रेघ नाही. मास्टर लांब जाऊन उभे राहतात, स्टुडिओत उभे राहायचे तेवढेच लांब. ट्रम्पेट जड आहे आणि गार आहे. मी त्याच्या तोंडाची पितळी वाटी ओठांवर दाबते. माझ्या हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा आहे. कुठून आला ते विचारत नाही. मी फुंकते.

आधी म्हशीने रेकावं तसं काहीतरी निघतं. लांबून मास्टर मान हलवतात, हो, हो, पुढे. मग आवाज धरतो. आई विचारते. विचारते. तिसऱ्यांदा विचारते. माझे दंड भरून येतात. आता थांबायचं असतं, मी थांबते. सगळं मिठागर गप्प आहे. मास्टर डोळे मिटून उभे आहेत, लहान मुलाला घास भरवताना ते तोंड उघडतं तसं त्यांचं तोंड उघडं. आणि मला त्या क्षणी वाटतं, जाऊ दे, देऊन टाकू. म्हातारा झोपेल तरी.

मी उत्तरासाठी दम घेते. हात वर जातो. चुडा वाजतो.

मास्टरांचा हात वर होतो. पंजा उघडा. थांबा.

डोळे त्यांचे अजून मिटलेलेच आहेत. हात आपोआप गेला आहे. मग ते डोळे उघडतात, माझ्याकडे बघतात, मग स्वतःच्या हाताकडे बघतात. तो खाली घ्यायला बघतात. हात खाली येत नाही. दुसऱ्या हाताने ओढतात, तरी येत नाही.

"बघ," मी ओरडते. मधे एवढं अंतर आहे की ओरडावंच लागतं. "बघ, मेलास तरी तुझा हात थांबत नाही!"

"चांगुणे, तू वाजव, हाताकडे नको बघू!"

"आधी तो खाली घे!"

ते तसेच उभे राहतात, एक हात आभाळात, दुसऱ्याने त्याला लोंबकळत. मिठाचं पाणी चढायला लागतं. त्यांच्या उघड्या पायांवरून, कोटावरून, बो बुडतो, डोकं बुडतं. पंजा वर राहतो. आणि कुठेतरी पंखा कटकट करतो, एकही ठोका न सोडता.

"आई, पावणेचार झाले."

मी उठून बसते. ऊन ओटीवरून अंगणात सरकलं आहे. वाल तसेच आहेत. सुगंधा, माझी सून, पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे आणि माझ्या तोंडाकडे बघते आहे.

"ओठांना काय झालं तुमच्या? चटईचा वळ उठलाय."

"चटईचा वळ गोल असतो काय?"

ती आतून आरसा आणते. दोन्ही ओठांवर मिळून एक गोल उमटला आहे, बांगडीपेक्षा लहान, नाण्याएवढा, कडेला लाल. बोट लावलं तर दुखतो. तोंडात चव आहे कल्हई उडालेल्या भांड्यातल्या ताकासारखी. कळकलेली. मी चूळ भरते, दात बसवते. चव जात नाही.

"तुझ्या हिरव्या बांगड्या आण," मी सांगते.

"कुणाला?"

"मला."

ती तांब्या खाली ठेवते. "आई, लोक..."

"लोकांना सांग, रेकॉर्डिंगला लागतात."

ती आत जाते आणि बांगड्यांबरोबर तेलाची वाटीही घेऊन येते. माझ्या हाताची हाडं आता वाढलीत, तेल लावूनही चारच जातात.

शेरील, मास्टरांची नात, चारला येते. गोड मुलगी आहे. आजोबांची शंभरी म्हणून त्यांच्या रेकॉर्डींवर काही करते आहे. फोनवर म्हणाली होती, आजी, आजोबांबद्दल चार शब्द बोला आणि त्यांनी वाजवलेलं ते थोडंसं गुणगुणा, एवढंच. चटईवर बसून ती छोटा माइक लावते आणि माझ्या मनगटांकडे बघून जरा अडखळते.

"आजी, बांगड्या… माइकमध्ये येतील त्या."

"येऊ देत. आणि चार शब्द नाहीत माझ्याकडे. गाणं आहे. सगळं."

मी विचारते. विचारते. तिसऱ्यांदा हात वर जातो आणि बांगड्या वाजतात. समोर शेरीलचा हात उचलला जातो. पंजा उघडा. तोच पंजा, तीच लांब बोटं. ती त्यांना पाच-सहा वर्षांची असताना शेवटचं भेटली असेल, हे कुणी शिकवलं तिला?

मी थांबते, कारण गाण्यात तिथे थांबायचंच असतं. आणि मी त्या हाताकडे बघत राहते. तीही बघते. हात हळूहळू खाली येतो आणि तिच्या मांडीवर पडतो.

मग मी मुलीचं उत्तर गाते:

*लाविलंस तू वाटेला, आई,*
*आता हाक घालू नको.*

'नको'वर हात खाली येतो आणि चारही बांगड्या वाजतात. ओठांवरचा गोल ठणकतो आहे.